धनगरांच्या वाड्यावर मुलाबाळांसह जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की फलटण, माण, खटाव, बारामती, आटपाडी, जत या भागांतून मेंढ्यांचे वाडे पश्चिमेकडे निघतात. घाटरस्त्यावर घोड्यांची रांग दिसते, खोगिरावर कोंबड्या आणि कोकरं बांधलेली असतात आणि मागच्या सीटवरून फर्माईश येते, "आई, आपण त्यांच्याकडे जाऊया ना!" ही पानं अशा घरांसाठी आहेत. 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे. त्यामुळे विचारणारे वाढतील असा अंदाज आहे.

'वाडा' म्हणजे नेमकं काय? धनगरवाडा वेगळा का?

वेगळा. वाडा म्हणजे चालता तळ. चार-पाचपासून दहा-बारापर्यंत बिऱ्हाडं एकत्र चालतात, प्रत्येकाच्या मेंढ्या वेगळ्या, राखण मात्र सामाईक. धनगरवाडा ही कायमची वस्ती. कोयनेच्या, महाबळेश्वरच्या आणि कोकणाच्या डोंगरांत असे वाडे आहेत आणि तिथे बहुतेक गवळी धनगर राहतात. त्यांच्याकडे म्हशी-गाई असतात, मेंढरं नसतात. ट्रेकला गेल्यावर ताक-भाकरी मिळते ती बहुधा त्यांच्याकडे. मेंढरं घेऊन फिरणारे प्रामुख्याने हटकर आणि खुटेकर. या पानावर जे लिहिलं आहे ते मेंढरांच्या वाड्याबद्दल आहे. म्हशींच्या वस्तीवर गेलात तर यातला कुत्र्यांचा आणि फोटोंचा भाग तेवढा लागू पडेल.

ते का फिरतात? घरी राहून मेंढ्या पाळता येत नाहीत का?

मुलांना हे आधी सांगा, म्हणजे तिथे जाऊन "तुमचं घर कुठे आहे?" असं विचारणार नाहीत. घर असतं. माणदेशात पाऊस वर्षाला साधारण 500 मिलिमीटर, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस माळावर गवत असतं, पुढे नसतं. कोकणात तीन हजारांच्या आसपास पडतो, तेव्हा मेंढरं तिथे पावसाळ्यात टिकत नाहीत, ओलाव्याने खूर सडतात. म्हणून पावसाळा देशावर आणि भातकापणीनंतर कोकणात. जूनच्या आधी परत. सगळेच कोकणात जातात असं नाही. काही वाडे मराठवाड्याकडे आणि विदर्भाकडे वळतात. शाळेतली मुलं बरेचदा आजी-आजोबांजवळ गावीच राहतात.

या फिरण्यात शेतकऱ्याचाही फायदा असतो. भात निघालेल्या शेतात रात्री मेंढरं बसवली की लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं. मोबदला धान्यात किंवा पैशात ठरतो. म्हणजे तुम्ही ज्या शेतात जाणार ते शेत एकाचं, तिथला तळ दुसऱ्याचा. दोघांची परवानगी लागते. हे विसरलं जातं आणि मग नंतर वाद निघतो तो वाड्याच्या माथी.

वाडा शोधायचा कसा? बुकिंग होतं का?

बुकिंग नसतं आणि ते होऊही नये असं आमचं मत आहे. एखादा वाडा एका शेतात एक ते तीन रात्री थांबतो, मग हलतो. आज सांगितलेलं ठिकाण परवा रिकामं असतं.

गावातला ओळखीचा शेतकरी, ज्याच्या शेतात मेंढरं बसणार आहेत तो, हा उत्तम दुवा. दुसरा दुवा म्हणजे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातली माणसं. त्यांच्या मार्फत आदल्या दिवशी निरोप धाडा : किती जण, किती वयाची मुलं, किती वेळ. पाच-सहा जणांच्या पुढे जाऊ नका. दोन कुटुंबं मिळून दहा जण झाले की त्या घरच्या बाईला चहाची चिंता लागते, आणि दुधाला जाणाऱ्यांना दूध मिळतच असेल असं नाही.

ओळखीशिवाय जाण्यापेक्षा पहिल्यांदा राज्याच्या शेळी-मेंढी महामंडळाच्या प्रक्षेत्रावर, म्हणजे पैदास केंद्रावर, परवानगी घेऊन जाणं सोपं. माणमधलं दहिवडी, कवठे महांकाळजवळचं रांजणी, सांगोल्यातलं महूद इथे अशी प्रक्षेत्रं आहेत. दख्खनी आणि माडग्याळ जात मुलांना तिथे शांतपणे पाहता येते. माडग्याळ उंच, पांढरट, तपकिरी ठिपक्यांची, बाकदार नाकाची. दख्खनी बहुतांशी काळी, लहान आणि लोकरीची. वाडा त्यानंतर.

कुठल्या वेळी जावं?

संध्याकाळी, साडेचारनंतर पोहोचा, दिवेलागणीला निघा. कारण असं. सकाळी कोकरं पाजून साधारण नऊ-दहाच्या सुमाराला मेंढरं रानात जातात. त्याआधी भाकरी, पाणी, दुखणारा पाय, गळून पडलेलं कोकरू, सगळं उरकायचं असतं. सकाळी पाहुणा नकोच. ज्या दिवशी वाडा हलतो त्या दिवशी तर अजिबात नको : बाया तळ मोडून घोड्यांवर लादत असतात, पुरुष मेंढरं घेऊन दुसऱ्या वाटेने निघालेले असतात.

संध्याकाळी मेंढरं परत आली की मुलांसाठी खरी गंमत असते. दिवसभर मागे राहिलेली कोकरं जाळीतून ओरडत असतात, तिकडून आया ओरडत येतात. कुंपण उघडलं की दोन-तीनशेंचा कालवा, आणि पाच-दहा मिनिटांत प्रत्येक मेंढी आपलं पोर वासावरून शोधून काढते. मुलांना त्या वेळी बाजूला, वाऱ्याच्या उलट बाजूला, बसवून ठेवा. बोलायचं नाही, उठायचं नाही.

जाऊ नये असे दिवस : कातरणीचा (सगळ्यांचे हात गुंतलेले असतात, कातऱ्या उघड्या असतात), लसीकरणाचा, कुणाचा मेंढा मेला असेल तो, आणि अंगात ताप किंवा खोकला घेऊन तुमच्यातलं कुणी असेल तो. यात्रेला मात्र अवश्य जा. पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा, हुलजंतीची महालिंगरायाची, आरेवाडीचा बिरोबा. तिथे भंडारा उधळतो, गजीढोल वाजतो, ओव्या गायल्या जातात आणि पाहुण्याने येणं हे त्या कार्यातच बसतं. पांढरे कपडे घालू नका, भंडारा सहज निघत नाही.

कुत्री चावतात का?

हो. हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे म्हणून नीट वाचा. धनगरी कुत्रा घरातला लाडका नसतो, तो कामावर असतो. लांडगा, तरस आणि चोर यांच्यासाठी ठेवलेला असतो, आणि अनोळखी माणूस त्याच्या हिशेबात तिसऱ्या वर्गात मोडतो.

किमान पन्नास-साठ पावलं लांब थांबा आणि हाक मारा : "राम राम, कुणी हाय का?" घरातलं कुणी पुढे येऊन कुत्रं आवरेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. कुत्रं धावत आलं तर पळायचं नाही, वाकून दगड उचलायचा नाही, डोळ्यांत पाहायचं नाही. मुलाला स्वतःच्या मागे घ्या, हात छातीशी, पाठ न फिरवता उभे राहा. पळणारं मूल हे त्याला सुटलेलं कोकरू वाटत नाही, चोर वाटतो. आपला पाळीव कुत्रा गाडीत असेल तर गाडी लांब लावा आणि काच वर ठेवा. आणू नयेच.

चावा बसला तर लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. मग त्याच दिवशी जवळचं सरकारी रुग्णालय. लस साधारणपणे 0, 3, 7, 14 आणि 28 या दिवशी. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. हे तिथे स्पष्ट विचारा. 'पाळीव आहे, काही होणार नाही' हे ऐकून थांबू नका.

मुलं कोकरू उचलू शकतात का?

विचारून, आणि नुकतं जन्मलेलं सोडून. पहिल्या काही तासांत मेंढी पिलाला वासावरून ओळखायला शिकते. त्यावर सेंट, डासांचा मलम, सॅनिटायझर यांचा वास बसला तर ती जवळ घेत नाही आणि मग तिच्या धनगराला ते कोकरू बाटलीवर वाढवावं लागतं. तेव्हा वाड्यावर जायच्या दिवशी मुलांच्या अंगाला सुगंधी काही नको, डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे. मोठं कोकरू बसून, मांडीवर, दोन्ही हातांनी. उभ्याने घेतलं की निसटतं, उंचावरून पडतं आणि पाय मोडतो.

तोंडाभोवती खपल्या असलेल्या मेंढीला हात लावू नका. याला मावा म्हणतात आणि तो माणसाच्या हातालाही होतो. लाळ गळते, लंगडते आहे, कळपापासून लांब आहे, अशी असली तर मुद्दाम लांब राहा आणि बुटांना तिथला चिखल लागू देऊ नका. एका वाड्यावरून त्याच दिवशी दुसऱ्या वाड्यावर जाऊ नये याचंही कारण हेच : लाळ्या-खुरकूतासारखे रोग बुटांवरून सहज जातात. निघताना बुटांचे तळवे ब्रशने घासा, घरी जाऊन साबणाने धुवा.

गर्भवती असाल तर हा मुद्दा फक्त तुमच्यासाठी : मेंढ्या विण्याच्या काळात वाड्यावर जाऊ नका, गाभडलेल्या मेंढीच्या, वारेच्या जवळ तर मुळीच नको. ब्रुसेला, टोक्सोप्लाझ्मा यांसारखे जंतू तिथून माणसाला लागतात.

मेंढ्यांना काही खायला घालायचं का?

नाही. पोळीचे तुकडे, भात, पाव, मूठभर ज्वारी हे प्रेमाने दिलं जातं आणि मेंढीच्या पोटात आंबतं. सवय नसताना धान्य किंवा भात जास्त गेला की पोटात आम्ल वाढतं, ती फुगते, कधी मरतेही. कण्हेरीची फांदी तर विष आहे. रस्त्याकडेला फुललेली दिसते म्हणून मुलं तोडतात, चार-पाच पानांनी मेंढीचा जीव जाऊ शकतो. प्लास्टिकची पिशवी, वेफर्सचं पाकीट, बिस्किटाचं वेष्टन मेंढ्या गिळतात आणि ते आतच साठतं. सगळी वेष्टनं घरीच काढून खाऊ डब्यात भरून न्या आणि उरलेलं परत आणा.

चहा किंवा जेवण दिलं तर?

चहा घ्या. नाकारलं तर जिव्हारी लागतं. बरेचदा कोरा असतो. दूध असेल तर ते शेळीचं, ते उकळलेलंच घ्या. निरसं दूध मुलांना देऊ नका, ब्रुसेला त्यातूनही लागतो. वाडा आग्रह करेल, तुम्ही 'पोराला पचत नाही' म्हणा, ते समजून घेतात.

जेवायला थांबू नका, निदान पहिल्या खेपेला तरी नको. पाणी तिथे डोक्यावरून आणलेलं असतं. तुमच्या दहा पेल्यांच्या चहाचं पाणी कुणीतरी विहिरीवरून वाहिलेलं असतं. पिण्याचं पाणी, मुलांचे हात धुवायचं पाणी, मागे ठेवायचं पाणी, मिळून वीस लिटरचा एक कॅन गाडीतून घेऊन जा. त्यातलं उरलेलं तिथेच ठेवा. यापेक्षा कामाची भेट दुसरी नाही.

मग भेट काय न्यावी? पैसे द्यावेत का?

पाच किलो ज्वारी किंवा बाजरी, चहापत्ती, साखर, गोडं तेल. मोठ्या बॅटऱ्या आणि चांगली टॉर्च, रात्री राखणीला फार उपयोग. दोरखंड. चॉकलेटं आणि जुने कपडे नेऊ नका. चॉकलेट देताना मुलांची धांदल होते, कागद पसरतात; आणि जुने कपडे देणं हे दानाच्या भाषेत येतं, पाहुणचाराच्या नाही.

एखाद्याने अर्धा दिवस तुम्हाला सोबत घेऊन रान दाखवलं तर त्याची किंमत आधी बोला आणि त्याच्या भागातल्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी देऊ नका. घासाघीस नको. पैसे मुलांच्या हातात नको, घरच्या मोठ्या बाईच्या हातात द्या. शेताच्या मालकाला देणंघेणं असेल तर ते वेगळं. त्यात मध्यस्थी करू नका, 'तुम्हाला कमी देतो तो' असं बोलू नका. पुढच्या वर्षी त्या वाड्याला तेच शेत हवं असतं.

काय विचारू नये?

"किती मेंढ्या आहेत?" हा पहिला. माणसाला बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं आहे ते, वर दृष्ट लागण्याची भीती. "शाळेत का घालत नाही?" हा दुसरा. "विकता का, एखादं कोकरू?" हा तिसरा आणि मुलांच्या तोंडून येणारा. आधीच समजावून ठेवा.

विचारण्यासारखं : ही घंटा कुणाच्या गळ्यात बांधता आणि का? वाट कशी ठरवता? पुढचा पाऊस लवकर आला तर काय करता? अशा प्रश्नांवर जाणता माणूस तासभर बोलेल. बोलताना मोठ्या पुरुषाला मामा किंवा दादा, बाईला मावशी, वहिनी किंवा ताई. 'हे लोक' असं त्यांच्यासमोर म्हणू नका. हे सांगायची गरज पडते हे खरं.

फोटो, रील, ड्रोन?

ड्रोन नाही, परवानगी मिळत असली तरी नाही. आवाजाने कळप उधळतो, गाभण मेंढ्या चेंगरतात, एखादी गाभडते. एका मेंढीचा गर्भ गेला की त्या मेंढीचं उत्पन्न गेलं.

फोटो विचारून. बायांचा फोटो त्यांनाच विचारून, घरच्या पुरुषाला विचारून नाही. फोटो टाकताना ठिकाण लपवा आणि दोन-तीन आठवडे थांबून टाका, तोवर वाडा पुढे गेलेला असतो. मेंढ्यांची चोरी होते आणि रात्री कुठे किती आहेत हे चोराला तुमच्या फोटोवरून कळू शकतं.

तिथे रात्री राहता येईल का?

सल्ला देणार नाही. अंधारात अनोळखी माणूस हलला की कुत्री उठतात आणि राखणारे काठी घेऊन धावतात. त्यांना रात्री झोप तशीच कमी असते, त्यात तुमची जबाबदारी भरू नका. राहायचं असेल तर गावात राहा. शौचालयाची सोय वाड्यावर नसते. निघण्यापूर्वी पेट्रोल पंपावर किंवा एसटी स्थानकावर मुलांना नेऊन आणा. अगदीच वेळ आली तर शेतमालकाला विचारून, विहीर-ओढ्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खड्डा करून, मातीने बुजवून. शेतात कुणाच्याही बांधावर बसू नये.

घोंगडी तिथेच घेता येईल का?

बहुधा नाही. वाड्यावर लोकर असते, घोंगडी विणतात ते सनगर समाजाचे विणकर. गंमत अशी की आजकाल लोकरीची कातरणी महाग आणि लोकर स्वस्त, म्हणून कातरलेली काळी लोकर बऱ्याच ठिकाणी पडून राहते. म्हणूनच विणकराकडून हातमागाची खरी घोंगडी घेतलीत तर तो पैसा या साखळीत कुठेतरी पोहोचतो. ओळख अशी : एक धागा जाळून पाहा, जळालेल्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर, वितळून गुठळी झाली तर ॲक्रेलिक. नवी घोंगडी ताठ असते, कारण तिला चिंचोक्याची खळ लावलेली असते. गार पाण्यात एक-दोनदा भिजवली की मऊ होते. गरम पाणी वापरू नका, आटते.

घाटात समोरून मेंढरं आली तर काय करायचं?

हा प्रश्न वाड्यावर न जाणाऱ्यांनाही पडतो. वरंधा, ताम्हिणी, कुंभार्ली या घाटांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि मे अखेरीला तुमची गाठ पडू शकते. गाडी डावीकडे घ्या, थांबवा, इंजिन बंद करा, हॉर्न आणि दिव्यांची उघडझाप नको. मेंढरं पुढच्याच्या मागे जातात. हॉर्न वाजला की पुढची थबकते, मागून दाब येतो, कळप दुभागतो आणि अर्धी मेंढरं दरीच्या कठड्याकडे सरकतात. थांबलात तर दोनशे मेंढरं पाच-सात मिनिटांत निघून जातात. मागे कोंबड्या लादलेली घोडी, त्यामागे बाया आणि चालणारी पोरं असतात, तेव्हा शेवटचं माणूस गेल्याशिवाय गाडी हलवू नका. गाडीतून मुलांना हात हलवायला हरकत नाही, फक्त काचेतूनच.

फोटो पाठवायचं कबूल केलं होतं, आता ते कुठे पाठवायचे?

प्रिंट काढा, लॅमिनेट करा, पावसात भिजणार नाहीत. मोबाइलवर पाठवलेले बरेचदा फोन बदलताना जातात. ज्या घराचे फोटो काढले त्यांचं मूळ गाव विचारून घेतलेलं असेल तर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये, तिथे द्या. त्या काळात घर माणसांनी भरलेलं असतं. त्या शेतमालकाकडे ठेवलेत तरी चालेल, पुढच्या वर्षी वाडा त्याच शेतात आला तर तो देईल.